परडी परत करायची आहे

मे महिन्यातल्या एका दुपारी धामापूरच्या तळ्यावर घाटाच्या पायरीवर बसले होते. पाठीशी भगवतीचं देऊळ, समोर हिरवंकाळं पाणी, पलीकडे झाडीने भरलेला डोंगर थेट पाण्यात उतरलेला. एक कुटुंब आलं. गावात कुणाकडे तरी पाहुणे आलेले असावेत. आजी पायरीवर टेकली आणि धाकट्या नातवाने वाकून ओंजळभर पाणी उचललं. आईने त्याचा हात झटकला. "घाण असतं ते, हे पी," म्हणत तिने पिशवीतली बाटली काढून त्याच्या हातात दिली. मुलगा घटाघटा प्यायला. थोड्या वेळाने ती मंडळी उठून गाडीकडे गेली. बाटली पायरीवरच राहिली होती. वाऱ्याची एक झुळूक आली तशी ती गडगडत खाली गेली, पाण्यात पडली आणि तरंगत तरंगत मधोमध गेली. मी पदर खोचून दोन पायऱ्या उतरले, पण तोवर ती हाताबाहेर गेली होती.

त्या आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उघड्या तळ्यातलं पाणी तसंच पिऊ नये, हे मी माझ्याही मुलांना सांगत आले. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून जात नाही. तिचा त्या बाटलीवर विश्वास होता आणि तळ्यावर नव्हता. आणि ज्या तळ्यावर विश्वास नव्हता त्यात तिची बाटली गेली. त्याच तळ्याचं पाणी नळातून मालवण शहराला जातं. मी मालवणात राहते. माझ्या घरातला वरणभात त्या पाण्यात शिजतो.

माझं माहेर तळ्याच्या खालच्या अंगाला. तळं माझ्या जन्माआधीपासून आहे, असं म्हणणंही हास्यास्पद वाटेल इतकं ते जुनं आहे. 1530 साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ते बांधलं, असं सांगतात. दोन डोंगरांच्या मधली घळ बघून तिच्या तोंडावर मातीचा बंधारा घातला, अंदाजे 11 मीटर उंच आणि 271 मीटर लांब. ना सिमेंट, ना लोखंड. जवळजवळ पाचशे पावसाळे, आणि आमचे पावसाळे म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्या बंधाऱ्याने अंगावर घेतले. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. महाराष्ट्रातलं असं पहिलं स्थळ आमचं. त्याच वर्षी आंध्रातल्या पोरुमामिल्ला तलावालाही तो मान मिळाला. तोही विजयनगरच्या काळातला, आणि तिथे 1369 सालचा एक शिलालेख आहे. चांगलं तळं बांधायला काय काय लागतं त्याची बारा अंगं आणि तळ्याचे सहा दोष त्यात कोरून ठेवले आहेत. बंधाऱ्यातून पाणी झिरपणं हा एक दोष, खारी जमीन हा दुसरा. ज्यांनी इतका बारकाईने विचार केला, त्यांच्याच परंपरेतल्या हातांनी आमचं तळं घडलं. दगडावर कोरण्याइतकं महत्त्व पाण्याला देणारी माणसं होती ती.

आणि आपण? आपण ते महत्त्व आता बाटलीवरच्या कागदी लेबलला देतो.

तळ्याची एक गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या आजीने ती मला बंधाऱ्यावरून चालताना सांगितली होती. पूर्वी गावात लग्न निघालं आणि घरात दागिना नसला, तर बायका परडीत फुलं भरून ती परडी तळ्यात सोडायच्या. देवी परडी पाण्याखाली घ्यायची, आणि वर यायची तेव्हा तीत नवरीसाठी दागिने असायचे. लग्न झालं की ते दागिने पुन्हा परडीत घालून तळ्याला परत द्यायचे. एवढी एकच अट. पुढे कुणाला तरी मोह पडला, परडी परत गेली नाही, आणि त्या दिवसापासून तळ्याने देणं बंद केलं. आजी गोष्ट तिथेच थांबवायची. मी विचारायचे, "मगे त्या माणसाचा काय झाला?" ती म्हणायची, "त्येचा काय झाला माका म्हायत नाय. पण गावाचा मात्र नुकसान झाला." आज ती गोष्ट मला वेगळ्याच अंगाने आठवते. तळं अजून देतंच आहे. मार्च उजाडला की सड्यावरच्या विहिरी तळ दाखवू लागतात, व्हाळ आटतात, तरी या तळ्यात पाणी असतं. खालच्या शेतांना मिळतं, मालवणच्या नळाला मिळतं. आणि आपण परडीतून परत काय पाठवतो? रिकाम्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी.

आता बाटलीकडे आणि तिच्या मोठ्या भावाकडे, म्हणजे त्या वीस लिटरच्या निळ्या जारकडे वळते. कारण लोक मला म्हणतात, तळ्यावर तुमचं प्रेम असू दे, पण आजारी कोण पडणार? कावीळ, गॅस्ट्रो, लेप्टो, सगळं आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर प्रेमाने देता येत नाही, तपासूनच द्यावं लागतं.

गेल्या वर्षी भावाच्या मुलीचं लग्न होतं. मांडव दारातच घातला होता. मी म्हटलं, आपल्या विहिरीचं पाणी उकळून, गाळून ठेवू, मोठे तांब्याचे हंडे आहेतच. वहिनी घाबरली. "वन्सां, लोकां काय म्हणतली? लग्नात बावडेचा पाणी?" तिचंही खरं होतं. आता मांडवात जार नसला तर यजमान गरीब ठरतो. शेवटी टेम्पो आला आणि जार उतरले. थंडगार, बाहेरून घाम फुटलेले. मी एक जार उचलून पाहिला. झाकणाला सील नव्हतं, नुसतं बसवलेलं. कुठे भरला त्याचा पत्ता नाही, तारीख नाही, परवाना क्रमांक नाही. जारच्या आतल्या कडेला बोट फिरवलं तर बोटाला बुळबुळीत लागलं.

त्या वेळी माझ्या पिशवीत एचटूएसच्या चार बाटल्या होत्या. आरोग्यकेंद्रात, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे तुम्ही त्या पाहिल्या असतील. तळाशी थोडी तपकिरी पूड असलेली छोटी बाटली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, हलवायचं आणि उन्हापासून दूर, घरातल्या उबेत ठेवून द्यायचं. पाण्यात मैल्यातून येणाऱ्या जंतूंची वस्ती असेल तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडतं. शाळेतल्या मुलालाही करता येईल इतकं सोपं. एका बाटलीत मी जारचं पाणी भरलं, दुसरीत आमच्या विहिरीचं, तिसरीत घाटावरून आणलेलं तळ्याचं, आणि चौथीत मालवणच्या माझ्या नळाचं. चारी बाटल्या माजघरातल्या फळीवर ओळीने मांडल्या, कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि लग्नाच्या गडबडीत विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याची बाटली काळी. ते अपेक्षितच होतं, उघडं पाणी. संध्याकाळी जारची काळी. तिसऱ्या दिवशी आमच्या विहिरीची आधी तपकिरी, मग काळी झाली. माझ्या वडिलांनी खणलेली विहीर! तिचंच पाणी पिऊन मी वाढले. त्या काळ्या बाटलीकडे बघून मला रडू आलं हे खरं आहे. आणि नळाची बाटली होती तशीच, स्वच्छ. म्हणजे चौघांत निर्धोक निघालं ते तळ्याचंच पाणी, मात्र गाळून, क्लोरीन देऊन आलेलं.

चार बाटल्यांवरून साऱ्या जिल्ह्याचं सांगता येत नाही, आणि मी तसं सांगतही नाही. नळाचं पाणीही रोज तसंच असेल असं नाही. पाइप फुटला, गटाराशेजारून गेला, की तेही बिघडतं. पण माझ्या मनातली जुनी वाटणी त्या फळीवर मोडली. बाटली आणि जार म्हणजे चांगलं, विहीर आणि तळं म्हणजे वाईट, असं काही नसतं. तपासलेलं पाणी आणि न तपासलेलं पाणी, एवढे दोनच प्रकार.

बाटलीबंद पाण्याचं कागदावरचं चित्र कसं आहे तेही समजून घेतलं पाहिजे. आपल्या देशात 1965 साली ठाण्यात बिसलरीचा कारखाना निघाला. 1969 मध्ये पार्लेने तो घेतला. पुढे ते नाव इतकं रुजलं की आजही टपरीवर कुठल्याही कंपनीची बाटली मागताना माणूस "बिसलरी द्या" म्हणतो. बाजार वाढला, पण पॅकबंद पाण्यावर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं व्हायला 2001 साल उजाडलं. त्यासाठीचं मानक म्हणजे आयएस 14543. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी 2003 मध्ये, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली आणि मुंबईच्या बाजारातल्या बाटल्या तपासल्या आणि त्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. देशभर गदारोळ झाला, नियम कडक करावे लागले. शेतात फवारलेलं औषध भूगर्भात जातं, आणि बाटली भरणारा कारखानाही शेवटी बोअरवेलमधूनच पाणी उपसतो. बाटलीचं पाणी आकाशातून वेगळं पडत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये आयएसआय चिन्हाची सक्ती काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने पॅकबंद पाण्याला जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांच्या यादीत घातलं, म्हणजे परवान्याआधी तपासणी, दरवर्षी तपासणी आणि त्रयस्थ संस्थेकडून लेखापरीक्षण. नियम चांगला आहे. पण ही सगळी व्यवस्था सीलबंद पाण्यासाठी. मांडवात आला तो जार सीलबंद नव्हताच, म्हणून तो कायद्याच्या भाषेत 'पॅकबंद पाणी'ही ठरत नाही. शेड उभारायचं, बोअर मारायची, एक कूलर बसवायचा, टेम्पो घ्यायचा आणि जार भरायचे. या धंद्यातल्या प्रामाणिक माणसांना मला दोष द्यायचा नाही. गावोगावची पोरं त्यावर पोट भरतात. पण त्यांच्या पाण्याची जबाबदारी नक्की कुणावर, हे जोवर ठरत नाही तोवर लग्नातल्या पंगतीतल्या लहान मुलाच्या पोटाची जबाबदारीही कुणावर नाही.

बाटली विकत घ्यायचीच वेळ आली तर निदान बघून घ्या. प्रवासात वेळ येते, मीही घेते. लेबलवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक हवा. आयएसआयचं चिन्ह असेल तर त्याखाली सीएम/एल असा क्रमांक हवा. तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की खरा की खोटा ते कळतं. झाकणाचं सील बोटाने चाचपून बघा. उन्हात रचून ठेवलेल्या खोक्यातली बाटली घेऊ नका. लेबलवरच लिहिलेलं असतं की थंड जागी, उन्हापासून लांब ठेवा, आणि तारकर्लीच्या रस्त्यावर एप्रिल-मेच्या उन्हात ती दिवस दिवस तापत पडलेली असते. आणि पाणी संपल्यावर बाटली पिरगळून टाका, म्हणजे ती कुणी पुन्हा भरून विकणार नाही.

एवढं करूनही प्लास्टिकचा प्रश्न उरतोच. 2024 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या तीन कंपन्यांच्या बाटल्यांतलं पाणी नव्या पद्धतीने तपासलं, तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी 2 लाख 40 हजार प्लास्टिककण सापडले, बहुतेक डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. हे कण शरीरात काय करतात यावर अजून संशोधन चालू आहे. मी त्या आकड्याने कुणाला घाबरवू इच्छित नाही. पण बाटलीतलं पाणी 'शुद्ध' आहे म्हणून तळ्याकडे पाठ फिरवणाऱ्याने तो आकडा एकदा ऐकावा. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने 2023 मध्ये हिशोब मांडला, की जगात दर मिनिटाला दहा लाखांहून अधिक बाटल्या पाणी विकलं जातं. आणि त्याच अहवालात म्हटलं होतं, की या बाजारामुळे सर्वांना नळाचं सुरक्षित पाणी देण्याच्या कामावरचं सरकारांचं लक्ष उडतं. हेच माझं म्हणणं आहे. ज्याच्या घरी रोज जार येतो तो ग्रामसभेत पाण्याबद्दल भांडायला येत नाही. त्याची तळमळ संपते. आणि जे जार घेऊ शकत नाहीत त्यांचा आवाज तेवढ्याने कमी होतो.

मुंबईकर चाकरमान्यांना मला एक आठवण करून द्यायची आहे. तुम्ही बाराही महिने तळ्याचंच पाणी पिता. 1860 साली विहार, 1879 मध्ये तुळशी, 1892 मध्ये तानसा, अशी तळी बांधून मुंबई जगली. विहार आणि तुळशी यांच्या भोवतीचं जंगल आज राष्ट्रीय उद्यानात राखलेलं आहे, कारण तळं म्हणजे फक्त पाणी नव्हे, ते पाणी जिथून झिरपतं तो डोंगरही तळंच असतो. बोरिवलीच्या नळाखाली बिनघोर पेला धरणारा माणूस गणपतीत गावी आला की "बाटलीचं पाणी आहे का?" असं का विचारतो? कारण तिथे कुणीतरी तळं राखतं, पाणी तपासतं, याची त्याला खात्री आहे. ती खात्री गावातही निर्माण करता येते. आभाळातून पडणारी नाही ती, माणसांनी उभी केलेली आहे.

आणि आपल्याला तर हे नवं नाही. 1664 ते 1667 या काळात शिवरायांनी समुद्रात सिंधुदुर्ग उभा केला, तेव्हा चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या कुरटे बेटावर गोड पाण्याच्या विहिरी राखल्या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावं बघा. पाण्याला दूध, दही, साखर म्हणणारी माणसं त्या पाण्याशेजारी कचरा टाकत असतील का?

मग करायचं काय?

सुरुवात आपल्याच विहिरीपासून. आमच्या विहिरीची बाटली काळी झाली तेव्हा मी आणि भावाने काय केलं ते सांगते, कारण हे प्रत्येक घराला जमण्यासारखं आहे. आधी शोध घेतला. विहिरीच्या काठावर गुरांना पाणी पाजायची डोणी होती, तिथलं सांडलेलं पाणी उलट आत झिरपत होतं. डोणी हलवली, काठ बांधून वर उचलला, दोर-बादली जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगायची सवय लावली. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहिरीची रुंदी तीन मीटर, पाण्याची खोली चार मीटर, म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर पाणी. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम धरून सत्तर ग्रॅम पावडर लागली. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून खालीवर हिसळायची. तासभर थांबायचं. मग क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकून बघायचं: पाणी पिवळसर झालं की क्लोरीन शिल्लक आहे, झालं नाही तर कमी पडलं. पावडर मात्र ताजी आणि बंद डब्यातली हवी. उघड्या पिशवीत पडून राहिलेल्या पावडरीत जोर राहत नाही. आठवड्याने नवी बाटली लावली. ती स्वच्छ राहिली. भाऊ त्या बाटलीचा मोबाइलवर फोटो काढून सगळ्या भाऊबंदांना पाठवत होता, नातवाचा पाठवावा तसा.

आणि घराघरात आरओ मशीन बसवणाऱ्यांनी थोडं थांबावं. कोकणातल्या जांभ्यातून झिरपलेलं पाणी मुळात मऊ असतं. खाडीकाठची मचूळ विहीर सोडली तर त्यात क्षार कमीच. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादानेही म्हटलं, की लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओची गरज नाही. आपला शत्रू क्षार नाही, जंतू आहे. त्याला उकळी पुरते, क्लोरीन पुरतं, साधा चांगला फिल्टर पुरतो. आरओ एक पेला देताना दोन-तीन पेले पाणी मोरीत सोडतं, आणि मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या वाड्यांना ते परवडणारं नाही.

ग्रामपंचायतीकडे एक मागणी नेऊ या. पाण्याच्या स्रोतांना आपल्याकडे पाहणीनंतर लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. पावसाळ्याआधी आणि नंतर जंतूंची तपासणी, वर्षातून एकदा रासायनिक तपासणी होणं अपेक्षित असतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणीच्या संचाचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. मग त्याचे निकाल कुठे असतात? फायलीत. ते फलकावर लावा. शाळेच्या भिंतीवर, एसटी थांब्यावर, भगवतीच्या देवळाच्या वाटेवर. कुठल्या विहिरीचं पाणी कोणत्या तारखेला तपासलं, काय निघालं, पुढची तपासणी कधी. मालवण शहरातल्यांनीही नगरपरिषदेकडे हेच मागावं. लोकांना निकाल दिसला की जारची गरज आपोआप कमी होते, आणि निकाल वाईट आला तर सगळे मिळून आवाज करतात.

हॉटेलं, खानावळी आणि न्याहारी-निवासवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, आता चिपीला विमानही उतरतं. येणारा पाहुणा सोलकढी प्यायला येतो, मोरीचं मटण खायला येतो. त्याला बाटली देऊ नका. टेबलावर तांब्या ठेवा, आणि तांब्याजवळ एक चिठ्ठी: हे पाणी कुठलं, कसं शुद्ध केलं, शेवटचं कधी तपासलं. सिक्कीममधल्या लाचेन या डोंगरी गावाने 2012 साली पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांना गावबंदी केली. तिथेही पर्यटक येतात, तिथेही थंडीवाऱ्यात हॉटेलं चालतात. 1 जानेवारी 2022 पासून सगळ्या सिक्कीम राज्याने तो नियम केला. आपल्याच जिल्ह्यात वेंगुर्ला शहराने कचऱ्याची वर्गवारी करून दाखवली, डंपिंगच्या जागेचं बागेत रूपांतर केलं, लोक लांबून ते बघायला येतात. मग धामापूरला का जमू नये? घाटाच्या वर, वाहनं थांबतात तिथे बाटली जमा करा, अनामत ठेवा, परत जाताना घेऊन जा. तिथेच शुद्ध पाण्याचा एक नळ ठेवा, म्हणजे कुणी तहानलेला राहणार नाही आणि ती आजीही नातवाला निर्धास्त पाणी पाजेल.

तळ्याच्या वरचा डोंगर मात्र फार सांभाळावा लागेल, आणि इथे मी कुणाची भीड धरणार नाही. तळ्याच्या उतारावर झाड तुटलं की पहिल्या पावसात माती खाली येते, आणि माती आली की तळ्याची खोली जाते. उतारावर शोषखड्डा खणला की त्याचं पाणी कुठे जाणार हे सांगायला अभियंता नको. जांभा हा चाळणीसारखा दगड आहे. वर जे ओताल ते खाली येतं. म्हणून तळ्याच्या वरच्या अंगाला नवं बांधकाम येत असेल तर ग्रामसभेत उभं राहून विचारा: सांडपाणी कुठे जाणार? पार्किंगचं तेल कुठे वाहणार? पाणी धरून ठेवणारी झाडी तोडून तिथे सुशोभीकरणाची काँक्रीटची वाट घालायची असेल, तर तिने तळ्याला काय मिळणार? विकास नको असं मी म्हणत नाही. माझ्या भाचेसुनेनेही होमस्टेच काढला आहे. पण धामापूर बघायला जे येतात ते त्या पाण्यासाठी येतात. पाणी गढूळ झालं की काठावरचं काहीच चालणार नाही.

शाळेतल्या बाईंना, गुरुजींना आणखी एक सांगायचं आहे. विज्ञानाच्या तासाला मुलांना एचटूएस बाटली लावायला द्या. प्रत्येकाने आपल्या घरचं पाणी आणावं, चिठ्ठी चिकटवावी, दोन दिवसांनी सगळ्यांनी मिळून बघावं. कुणाची काळी झाली तर हसायचं नाही, सगळ्यांनी मिळून त्या घरी जायचं आणि कारण शोधायचं. ही मुलं मोठी झाली की त्यांना कुणी लेबल दाखवून फसवू शकणार नाही.

पावसाळ्याआधीचे थोडे रविवार हातात आहेत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी भगवतीच्या घाटावर असेन. भाऊ होडी बघतो म्हणालाय, मधल्या पाण्यातल्या बाटल्या काढायला. मी पोती, हातमोजे आणि तपासणीच्या वीस बाटल्या घेऊन येते. धामापूर, काळसे, नेरूर, चौके, मालवण, जिथून येता येईल तिथून या. येताना घरच्या विहिरीचं नाहीतर नळाचं पाणी स्वच्छ उकळलेल्या छोट्या भांड्यात घेऊन या, आपण तिथेच बाटल्या लावू आणि घरोघरी देऊ. प्यायचं पाणी घरून तांब्यात आणा. आणि आजीची आठवण म्हणून मी फुलांची एक परडी आणणार आहे. कचरा काढून झाल्यावर ती पाण्यात सोडू. वेताची परडी, झेंडूची फुलं, दोरा सुताचा. प्लास्टिकचा एक धागाही तिच्यात नसेल.